चुंबळीची उशी

वाचकहो, चुंबळ म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. जुन्या लुगड्याचा पिळा करायचा, त्याचे कडे करायचे, ते डोक्यावर ठेवायचे आणि वर भरली घागर. घागर टोचत नाही. तिचा भार कड्यावर वाटला जातो आणि मधली जागा मोकळी राहते. आमच्या गावात आता घरोघर नळ आले. चुंबळी खुंटीवर गेल्या. पण त्याच चुंबळीतून एका घराला धंदा सापडला. तो कसा सापडला, त्यात पैसा कुठे मिळाला, कुठे बुडाला, आणि मी स्वतः त्यात कोणती चूक केली, ते आज सांगतो.

आमच्या आळीत शिवणकाम करणारी एक सूनबाई आहे. सारे गाव तिला वहिनी म्हणते. मीही या पाठात तिला वहिनीच म्हणतो. तिच्या सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांना उजव्या कुशीवर झोपायची सवय. पन्नास वर्षांची सवय ती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली. दिवसा काही नाही. रात्री कान उशीला टेकला की सुई टोचल्यासारखी कळ यायची. म्हातारा रात्रभर बसून राही. कोणी म्हणे तेल घाला, कोणी म्हणे लसूण घाला. दुखणे कानाच्या बाहेर आणि तेल कानाच्या आत! पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिले, गाठीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. वाईट काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "आबा, तुमचा कान रोज रात्री दाबला जातोय. दाब थांबला तर हे बरं व्हायची आशा आहे. डाव्या कुशीवर झोपा, नाहीतर कान अधांतरी राहील अशी काही सोय करा."

डाव्या कुशीवर आबांना झोप येईना. झोपेत माणूस आपल्या कुशीवर वळतोच. तेव्हा वहिनीने खुंटीवरची चुंबळ काढली, उशीवर ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, कान ह्या मधल्या भोकात सोडा." आबा त्या रात्री चार तास झोपले. चुंबळ घसरत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने जुनी उशी उसवली आणि मधोमध भोक असलेली नवी शिवली. तीन महिन्यांत गाठ बसली.

आता हे असे का होते ते पाहू. तुमचा कान हाताने चाचपून पाहा. खालची पाळी मऊ लागते. तिच्यात हाड नाही, कूर्चा नाही, थोडी चरबी आहे. वरची कड मात्र ताठ लागते. तिच्या आत कूर्चा आहे. कूर्चा म्हणजे हाडाहून मऊ, वाकवली तरी परत सरळ होणारी पट्टी. ह्या पट्टीवर नुसती पातळ कातडी ताणून बसवलेली आहे. मध्ये चरबीची गादी नाही. शिवाय कूर्चेत रक्ताच्या नळ्या नसतात. भोवतीच्या पातळ आवरणातून तिला जे पोषण झिरपते तेवढेच. डोके काही किलो वजनाचे. तेवढे ओझे सात-आठ तास कानाच्या कडेवर पडले की ते झिरपणेही अडते. वय वाढले की कातडी आणखी पातळ होते. मग तिथे बारीक कडक गाठ येते, कधी खपली धरते, आणि दाबली की फार दुखते. हे दुखणे बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर येते आणि माणूस ज्या कुशीवर झोपतो त्याच बाजूला येते. औषध लावून दाब तसाच ठेवला तर ते पुन्हा पुन्हा येते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. कानाच्या कडेवरची प्रत्येक गाठ अशीच साधी असते असे नाही. कातडीचा कर्करोगही आरंभी असाच दिसू शकतो. म्हणून गाठ डॉक्टरला दाखवल्याशिवाय उशी घेऊन स्वस्थ बसू नये. आबांच्या गाठीचा तुकडा तपासला तो यासाठीच.

आबा पारावर बसून उशीची गोष्ट सांगू लागले. पहिली मागणी आली ती म्हाताऱ्यांची नव्हे, पोरींची. हल्ली कॉलेजच्या मुली कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतात. आपल्या आज्या बुगडी घालत, तीच जागा. टोचल्यावर ती जागा बरी व्हायला महिने लागतात आणि कुशीवर झोपले की ठणकते. वहिनी म्हणाली, "गुरुजी, आजाऱ्यासाठी शिवली आणि हौशीसाठी खपली!" धंद्यात असे पुष्कळदा होते. आपण एका गिऱ्हाइकासाठी दुकान मांडतो आणि दारात दुसरेच उभे राहते. त्याला हाकलू नये.

उशी करायची रीत सांगतो. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांना ती सहज समजेल. घट्ट विणीच्या मांजरपाटाचे दोन तुकडे घ्यायचे. शिवण धरून लांबी 64 सेंटिमीटर आणि रुंदी 44 सेंटिमीटर. पन्हा 90 सेंटिमीटरचा असेल तर पाऊण मीटर कापडात दोन्ही तुकडे निघतात. तुकडे सुलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे. मधोमध वाटी ठेवून खडूने गोल आखायचा. हा गोल सुमारे 10 सेंटिमीटर रुंद असावा. मोठ्या माणसाचा कान सहा-सात सेंटिमीटर लांब असतो. भोक त्याहून मोठे हवे, पण फार मोठे नको. वहिनीने पहिल्या खेपेला ताटलीएवढे भोक केले. त्यात आबांचा गाल बुडाला आणि सकाळी मान धरली.

गोलावर दुहेरी टीप मारायची, मगच आतले कापड कापून काढायचे आणि कडेला कात्रीने बारीक चिरा द्यायच्या. चिरा टिपेपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. नंतर एक तुकडा भोकातून ओढून पलीकडे घ्यायचा. दोन्ही सुलट्या बाजू बाहेर येतात आणि भोकाची कड आपोआप साफ दुमडते. बाहेरच्या चारी कडा आत मुडपून टीप मारायची, एक वीतभर जागा कापूस भरायला ठेवायची.

कापूस कोणता? सावरीचा कापूस हलका आणि मऊ, पण फार निसटता. कापड विरळ असेल तर टाक्यांतून तंतू बाहेर येतात आणि नाका-तोंडात जातात. शिवाय तो लवकर दबतो, आणि दबला की कान खाली टेकतो. साधा पिंजलेला कापूस जड पण टिकाऊ. वहिनी तोच वापरते. एका उशीला 800 ग्रॅम लागतो. भोकाभोवती ठासून भरायचा, कडांना थोडा सैल. भरल्यावर स्वतः डोके ठेवून पाहायचे. डोक्याच्या भाराने उशी दबल्यावरसुद्धा भोकात दोन बोटांची खोली उरली पाहिजे. उरत नसेल तर ती उशी विकायची नाही. एकदा तिने स्वस्त म्हणून गिरणीचा टाकाऊ कापूस आणला. महिनाभरात त्याच्या गाठी झाल्या, आणि सहा उशा परत आल्या.

अभ्रा वेगळा, वरून काढता येण्याजोगा शिवायचा. खपली आलेला कान रोज ज्या कापडाला लागतो ते कापड दर दोन-तीन दिवसांनी धुतले पाहिजे. उशीला ऊन द्यायचे.

आता पैशाकडे वळू. माझे आयुष्य फळ्यावर गणित शिकवण्यात गेले, तेव्हा इथे मी जरा रेंगाळणार. पुढचे भाव आमच्या बाजारातले आहेत. तुमच्याकडे ते वेगळे असतील. तुमचे भाव घालून पाहा.

चाळीस उशा विकून झाल्यावर वहिनी माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, माल तर खपतोय. एका उशीमागं पंचवीस रुपये सुटतात. मग पेटीत पैसे का न्हाईत?"

मी म्हटले, "वही आण."

"वही न्हाई. डोक्यात आहे सगळं."

"मग डोकं आण, आपण वहीत उतरवू."

तिचा हिशेब असा होता. आतल्या खोळीचे कापड 60 रुपये. अभ्र्याचे कापड 90 रुपये. कापूस किलोला 200 रुपये, म्हणजे 800 ग्रॅमचे 160 रुपये. दोरा आणि नाडी 10 रुपये. पिशवी 5 रुपये. सगळे मिळून 325 रुपये. ती उशी विकत होती 350 रुपयांना. म्हणून पंचवीस रुपये सुटले असे तिला वाटले.

मी विचारले, "कापड आणायला तालुक्याला कशी जातेस?" ती एस.टी.ने जाते. जाण्यायेण्याला आणि चहाला मिळून 100 रुपये, आणि एका खेपेत दहा उशांचे कापड येते. म्हणजे उशीमागे 10 रुपये. मशीनचे तेल, सुया, वीज धरून उशीमागे 5 रुपये. "आणि तू शिवतेस त्याचे काय?"

"माझं काय? मी घरचीच."

वाचकहो, हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल त्याची मोजदाद नाही. ती शेतात खुरपायला गेली असती तर रोज 300 रुपये मिळाले असते. दिवसाला तिच्या हातून पाच उशा होतात. म्हणजे एका उशीत तिची मजुरी 60 रुपये आहे. ती धरली की उशीची खरी किंमत 325 अधिक 10 अधिक 5 अधिक 60, म्हणजे 400 रुपये झाली. 350 ला विकून दर उशीमागे 50 रुपये तोटा.

तिला पटेना. मग उलट बाजूने मोजले. चाळीस उशांवर पंचवीस रुपयांनी 1000 रुपये. त्यातून एस.टी.चे 400 गेले, तेल-विजेचे 200 गेले. उरले 400. चाळीस उशांना लागले आठ दिवस. आठ दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मशीन मारून 400 रुपये, म्हणजे रोजचे 50. वहिनी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तेवढे तरी पेटीत हवेत की."

ते का नव्हते? कारण उधारी. सात उशा तिने ओळखीपाळखीत उधार दिल्या होत्या. सात गुणिले 350, म्हणजे 2450 रुपये लोकांच्या घरी उशाला होते. तिने बचत गटातून 10,000 रुपये घेतले होते. चाळीस उशांवर एकूण रोख खर्च झाला 13,600. तेहतीस उशांचे रोख आले 11,550. दहा हजारांत ते मिळवून खर्च वजा केला की पेटीत राहतात 7,950. आम्ही पेटी उघडून मोजले. बरोबर 7,950 निघाले. गटाला द्यायचे दहा हजार, आणि व्याज वेगळे.

हिशेब जुळला म्हणून मला आनंद झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मास्तराला कधी कधी समोरचे माणूस उशिरा दिसते.

त्या दिवसापासून वही झाली. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, आणि मागच्या पानापासून उधारी. उशीची किंमत 480 रुपये ठरली. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. काही तुटलेही. पण ज्याचा कान रात्रभर ठणकतो तो 130 रुपयांसाठी परत जात नाही. उधारी बंद केली. मोबाइलवर पैसे घेण्याचा चौकोनी छाप दाराला लावला, त्यामुळे "सुट्टे नाहीत, उद्या देतो" हे कारण संपले. तालुक्याच्या एका औषध दुकानदाराने शेकडा 20 दलाली मागितली. 480 चे शेकडा 20 म्हणजे 96 रुपये. आपल्याला सुटतात 80. वहिनीने मला न विचारता त्याला नाही म्हटले. शेवटी शेकडा 10 वर जमले.

आता ती गोष्ट सांगतो जी सांगायला मला आवडत नाही.

वहिनीच्या पुतण्याने दारावर पाटी लावायची ठरवली. मजकूर त्याने लिहिला होता : "कानदुखी कायमची बंद! खात्रीशीर उशी." पाटी रंगवण्यापूर्वी तो कागद माझ्याकडे आणला. मी चष्मा लावला. त्याने "खात्रीशीर" मधली शी ऱ्हस्व लिहिली होती, ती मी दीर्घ केली. आणखी एक-दोन चुका काढल्या आणि कागद परत दिला. शुद्धलेखन तपासले, मजकुरात सांगितलेले खरे की खोटे ते तपासले नाही.

शेजारच्या वाडीतली एक बाई पाटी वाचून आली. ती आमच्याच साक्षरता वर्गात अक्षर ओळखायला शिकलेली. तिच्या सात वर्षांच्या मुलाचा कान दुखत होता. वहिनी घरी नव्हती. पुतण्याने उशी दिली, पैसे घेतले. त्या मुलाचा कान बाहेरून दुखत नव्हता. सर्दीनंतर आत पू झाला होता आणि थोडाथोडा वाहत होता. महिनाभर ते पोर भोकात कान ठेवून झोपले. वाहणारा कान भोकात अभ्र्याला टेकत नव्हता, डागही दिसत नव्हते, म्हणून आईला वाटले की गुण येतो आहे. मग एके दिवशी ताप भरला आणि कानाच्या मागे लाल सूज आली, इतकी की कान पुढे ढकलला गेला. जिल्ह्याच्या गावी नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगा वाचला. त्या कानाने त्याला आता कमी ऐकू येते.

वहिनी पैसे परत करायला वाडीवर गेली. मीही बरोबर गेलो. ती माउली आम्हांला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पाटीवर लिवलं हुतं ना गुरुजी. म्या वाचलं."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

घरी आल्यावर पाटी उतरवली. नवी पाटी अशी आहे : "कान दाबला जाऊ नये अशी उशी. कान आतून दुखत असेल तर आधी डॉक्टर." खप थोडा कमी झाला. तो कमी व्हायलाच हवा होता. पुढे एका वकिलांनी मला सांगितले की 1954 सालचा एक कायदाच आहे. काही रोगांची यादी करून, ते बरे करतो अशी जाहिरात औषधाची किंवा चमत्कारी उपायाची करायला त्याने बंदी केली आहे. त्या यादीत बहिरेपणाही आहे. तेव्हा "ऐकू येऊ लागेल" असे कोणी लिहिले तर तो गुन्हा ठरू शकतो.

आता वहिनी उशी देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला बसवते, पाणी देते आणि विचारते. दुखते कुठे, बाहेरच्या कडेला की आत? नुसते कुशीवर झोपल्यावर दुखते की दिवसाही? कानातून पाणी, पू, रक्त येते का, वास येतो का? ताप आहे का? कानामागे सूज आहे का? ऐकू कमी येते का, चक्कर येते का, तोंड वाकडे वाटते का? यांतल्या एकालाही "हो" आले की ती उशी देत नाही, सरकारी दवाखान्याची वाट दाखवते. वास येणारा पू विशेष वाईट. तो आतले हाड कुरतडत असू शकतो. पडद्याला भोक पडलेले असताना तेल घातले तर ते थेट मधल्या कानात उतरते. म्हणून वाहत्या कानात तेल, लसूण, दूध काही घालू नये. आत काही नसताना कान दुखत असेल तर दाढही पाहावी. किडलेल्या दाढेचे दुखणे कानात बोलते. जबड्याचे आणि घशाचेही तसेच.

तान्ह्या मुलासाठी तर ती उशी मुळीच देत नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलाला कोणतीच उशी नको. मऊ उशीत नाक-तोंड दबून श्वास कोंडू शकतो. डोक्याचा आकार गोल व्हावा म्हणून भोकाची उशी मागायला आज्या येतात. वहिनी त्यांना हात जोडते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी म्हणून सरकारची एक नोंद आहे. ती 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. आधार आणि पॅन लागते, फी काही नाही. कोणी फी मागितली तर देऊ नका. बँकेत लहान धंद्यासाठी मुद्रा योजनेत पहिल्या पायरीला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज तारण न ठेवता मिळू शकते. ते परत करायचे असते, हे विसरणारे बरेच भेटतात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर जी.एस.टी.ची नोंदणी लागत नाही. पिशवीत बंद करून माल विकायचा तर पिशवीवर करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, वस्तू आणि नग, महिना आणि साल, सर्व करांसह किंमत, आणि तक्रारीसाठी फोन, एवढे छापलेले हवे. वहिनीने रबरी शिक्का करून घेतला आहे.

मुंबईहून मागणी आली तेव्हा एक गंमत झाली. उशीचे वजन जेमतेम एक किलो. पण कुरियरवाल्याने सव्वासात किलोच्या घरातले पैसे मागितले. वहिनी भांडायला उठली. तो मनुष्य खोटे बोलत नव्हता. हलक्या पण फुगीर मालाला हे लोक जागेवरून वजन लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात आणि बहुधा 5000 ने भागतात. 60 गुणिले 40 गुणिले 15, म्हणजे 36,000. भागिले 5000, म्हणजे 7.2 किलो. आता ती मुंबईला रिकामी खोळ आणि अभ्रा घडी करून पाठवते. 480 मधून कापसाचे 160 वजा करून 320 रुपये घेते, आणि कापूस किती व कसा भरायचा ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत घालते. चिठ्ठी तिनेच लिहिली. मी फक्त वाचून पाहिली, आणि या वेळी दोनदा वाचली.

गटाचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले. आज पेटीत 12,000 रुपये आहेत.

परवा तालुक्याचा एक व्यापारी आला. त्याला एकदम पन्नास उशा हव्या आहेत. भाव देतो 420 रुपये, पण पैसे दोन महिन्यांनी. उशीला खरा खर्च 400 रुपये, त्यातले मजुरीचे 60 सोडले तर बाकीचे 340 रोख लागतात. गटातून कर्ज घेतले तर महिन्याला शेकडा एक रुपया व्याज आहे. पन्नास उशांना दहा दिवस जातील, आणि त्या दहा दिवसांत दारावरच्या गिऱ्हाइकाला 480 ची उशी देता येणार नाही.

तिला रोख किती कमी पडेल? व्याज किती जाईल? हाती काय उरेल? दहा दिवसांत दारावर किती उशा खपत असल्या तर हा सौदा तोट्याचा ठरेल? वहिनी काल रात्री वही घेऊन हेच मांडत बसली होती. व्यापारी सोमवारी उत्तराला येणार आहे. तुम्हीही पाटी-पेन्सिल घ्या आणि मांडून पाहा.